हाडांचं औषध, त्याची मुदत आणि त्यानंतरचं औषध

हाडांच्या ठिसूळपणावर आलेल्या पत्रांत या वेळी हार्मोनचा उल्लेख वारंवार आहे. कुणाच्या आईला रोजचं इंजेक्शन लिहून दिलंय, कुणाला पाळी गेल्यावर गोळी सुचवलीय, कुणाच्या घरी नाकात मारायचा फवारा पडून आहे. ही औषधं एका जातीची नाहीत. काही नवं हाड बांधतात, काही असलेल्या हाडाची झीज रोखतात. एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे: औषध थांबलं की कमावलेलं हाड आपोआप टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच ‘हे संपल्यावर काय द्यायचं?’ हे डॉक्टरांना विचारा आणि फाईलमध्ये लिहून घ्या. खालच्या उत्तरांत हा आग्रह पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. पडली नाही, नुसती गादी उचलताना पाठीत कळ आली आणि एमआरआयमध्ये दोन मणके दबलेले निघाले. डेक्साचा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर उणे ३.४. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन दोन वर्षं रोज घ्यायला सांगितलंय. आठवड्याच्या गोळीने भागणार नाही का? (सांगली)

आईंच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आम्हाला योग्य वाटतो. दोन मणके आधीच दबलेत, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे अडीच या ठिसूळपणाच्या रेषेच्या बराच खाली आहे. तिसरा मणका दबण्याची भीती पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सर्वांत जास्त असते. अशा वेळी आधी हाड बांधायचं आणि मग ते जपायचं, हा क्रम चांगला. आठवड्याची गोळी (बहुधा अलेंड्रोनेट) झीज थांबवते, पण बांधकाम फारसं करत नाही. शिवाय ती काही वर्षं घेऊन मग टेरिपॅराटाइड सुरू केलं, तर खुब्यात त्याचा परिणाम उशिरा आणि कमी दिसतो.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्यांचं हार्मोन हाडातून ते काढून आणतं. हे हार्मोन चोवीस तास वाढलेलं राहिलं तर हाडं पोखरली जातात. पण दिवसातून एकदाच, थोड्या वेळापुरतं वाढून ओसरलं, तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि खोदणाऱ्या पेशींच्या पुढे निघून जातात. टेरिपॅराटाइड म्हणजे या हार्मोनच्या साखळीतल्या ८४ दुव्यांपैकी (ॲमिनो ॲसिडपैकी) पहिले ३४. त्वचेखाली टोचल्यावर ते अर्ध्या तासात रक्तात शिगेला पोचतं आणि तीन-चार तासांत उतरतं. म्हणून डोस रोज एकदाच, २० मायक्रोग्रॅम. लवकर गुण यावा म्हणून दिवसातून दोनदा घेणं म्हणजे त्याचा उपयोगच उलटा करणं.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आधी मणका मोडलेल्या १,६३७ स्त्रिया होत्या. पावणेदोन वर्षांच्या आसपास नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्या शंभरातल्या १४ जणींचा नवा मणका दबला. २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत हा आकडा ५ होता.

सुरू करण्याआधी मात्र पुढच्या तपासण्या झाल्या आहेत ना, ते फाईल उघडून बघा: रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्राम आणि ईएसआर. न पडता दोन मणके दबलेत, तेव्हा प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणीही करून घ्यावी. मायलोमा हा कॅन्सर हाडांच्या ठिसूळपणाच्या रूपात येतो आणि तो असताना हे इंजेक्शन देता कामा नये. हाडांवर किंवा हाडांजवळ रेडिएशन झालेलं असणं, कुठलाही कॅन्सर हाडांत पसरलेला असणं, कारण न कळता वाढलेलं अल्कलाइन फॉस्फटेज, पॅजेटचा आजार (यात हाडाची घडण बिघडते), वाढलेलं कॅल्शियम, किडनी खूप निकामी असणं, यांतही ते टाळतात.

हाडाच्या कॅन्सरची भीती कुणी घातली असेल तर त्याचं मूळ उंदरांच्या प्रयोगात आहे. २००२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली तेव्हा औषधावर तसा ठळक इशारा होता. पुढे अनेक वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं. माणसांत वाढ दिसली नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढला गेला.

प्रश्न : वडिलांसाठी पेन आणलंय. आमच्याकडे लाइट जाते. पहिल्या आठवड्यात त्यांना चक्कर आली, पायात गोळे आले. सकाळी सात वाजता इंजेक्शन दिलं आणि अकराला रक्त तपासलं, तर कॅल्शियम १०.९ आलं. इंजेक्शन बंद करू का? (लातूर)

आज बंद करू नका, पण रक्त पुन्हा तपासा, योग्य वेळी. इंजेक्शननंतर चार ते सहा तासांनी कॅल्शियम थोडं वर जातंच. तुम्ही नेमकं त्याच वेळी रक्त दिलंत. शेवटच्या डोसनंतर किमान १६ तास गेल्यावरचं कॅल्शियम खरं मानायचं. सकाळी सातचा डोस असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या दिवसाचं इंजेक्शन देण्याआधी रक्त द्या. रात्री आठला देत असाल तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर. लॅबवाला सकाळी उपाशीपोटी बोलावतो आणि घोटाळा तिथेच होतो. योग्य वेळी घेतलेल्या रक्तातही ते वाढलेलं आलं, तर आधी वरून घेतलेलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मोजा.

त्यातही एक चूक घरोघरी दिसते. व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, असं साधारण आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक. ते ‘आठवड्याला’ वर्षभर चालू राहतं, किंवा दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेली दोन्ही पाकिटं घेतली जातात. कॅल्शियमचंही तसंच. जेवण धरून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम पुरे. दोन कप दूध, एक वाटी दही आणि एक नाचणीची भाकरी पोटात जात असेल, तर ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी भरपूर. गोळीच्या पट्टीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिग्रॅ’ छापलेलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं. वडील हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. कॅल्शियम वाढलं की ते औषध विषारी ठरू शकतं. मुतखडा होऊन गेला असेल तर तेही सांगा.

चक्कर येते ती पहिल्या काही डोसांत, टोचल्यापासून चारेक तासांच्या आत, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरल्यामुळे. इंजेक्शन खुर्चीत किंवा पलंगावर बसवूनच द्या आणि लगेच उठू देऊ नका. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी प्रॅझोसिनच्या जातीची गोळी चालू असेल तर दोन्हींच्या वेळा लांब ठेवायला डॉक्टरांना सांगा. रात्री लघवीला तीन-तीनदा उठणाऱ्या माणसाला झोपताना इंजेक्शन देऊ नये. संध्याकाळी सहा-सातची वेळ बरी. हाड बांधायला घेतलेल्या औषधानेच माणूस पडला, तर सगळं मुसळ केरात. पायात येणारे गोळे बहुतेकांचे कमी होत जातात.

आता पेनविषयी. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण गोठवायचं नाही. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेलं पेन गोठतं. वितळल्यावर ते पूर्वीसारखंच दिसतं, पण ते फेकूनच द्यायचं. मधल्या फळीवर, भाजीच्या कप्प्याच्या वर, डब्यात ठेवा. तास-दोन तास लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, एवढंच. प्रवासात बर्फाच्या पिशवीला पेन थेट टेकवू नका, मध्ये टॉवेलची घडी घाला.

टोचताना मांडीची पुढची-बाहेरची बाजू किंवा पोट; पोटावर बेंबीपासून चार बोटं लांब. रोज जागा बदला. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओलं असताना टोचलं की चुरचुरतं. कातडीची चिमूट धरून सुई आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि सावकाश पाच आकडे मोजूनच बाहेर काढा. घाईने काढली तर टोकाला थेंब दिसतो. तो त्या दिवशीच्या डोसमधला असतो, आणि डोस मुळात ०.०८ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंबांपेक्षाही कमी. सुई रोज नवी. वापरलेली सुई पेनवर तशीच ठेवली तर औषध गळतं, आत हवेचे बुडबुडे जातात, सुई तुंबते. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत जमवा, ओल्या कचऱ्यात टाकू नका.

पहिला डोस दिला ती तारीख पेनवर चिकटपट्टी लावून लिहा. २८ दिवसांनी पेन टाकायचं, आत औषध उरलेलं दिसलं तरी. पैसे वाचवायला एक दिवसाआड टोचून ते दोन महिने पुरवणारी मंडळी आहेत. त्यात डोसही अर्धा पडतो आणि दुसऱ्या महिन्यातलं औषध भरवशाचं राहत नाही. एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी दोन द्यायचे नाहीत. घरात इन्सुलिनही असेल तर या पेनला रंगीत टेप गुंडाळा, आणि याचं काडतूस इन्सुलिनच्या पेनमध्ये कधीही घालू नका.

प्रश्न : टेरिपॅराटाइडची दोन वर्षं पूर्ण झाली. पाठ दुखायची थांबली, टी-स्कोअर सुधारला. आता सहा महिने काहीच घेत नाही. पुन्हा डेक्सा केव्हा करू? (ठाणे)

डेक्साच्या आधी डॉक्टरांना भेटा, या आठवड्यातच. इंजेक्शन थांबल्यापासून कमावलेलं हाड उतरणीला लागतं आणि पहिल्या वर्षात ही घसरण वेगाने होते. दोन वर्षं रोज सुई टोचून घेतलीत, खर्च केलात. ते हाड राखायला शेवटच्या इंजेक्शनला जोडूनच दुसरं औषध सुरू व्हायला हवं होतं. उशीर झाला असला तरी अजून उपयोग आहे.

साधारण दोन पर्याय असतात. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी: सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दुसरा पर्याय झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षाला एकदा. त्याआधी क्रिएटिनिन तपासतात, व्हिटॅमिन डी भरून काढतात आणि दात काढायचे असतील तर ते आधी उरकतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते. पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या.

डेक्सा करताना मागच्याच मशीनवर करा. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जाणारे. वहिनीची गर्भपिशवी ३३व्या वर्षी काढली, आता ती ३६ची आहे. अंगातून वाफा येतात, हाडं दुखतात. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी हार्मोनची गोळी घे म्हटलं, पण गावात सगळे म्हणतात त्याने कॅन्सर होतो. (बीड जिल्हा)

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या हाडांचं काय होतं, याकडे मात्र फार कमी लक्ष जातं. वहिनींना गोळी सुचवणाऱ्या डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं, हे चांगलं झालं.

आधी डिस्चार्ज कार्ड शोधा. नुसती गर्भपिशवी काढली की बीजांडकोशही काढले? दोन्ही बीजांडकोश गेले असतील तर त्यांतून येणारं, हाड जपणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एका दिवसात बंद होतं. पन्नाशीत हळूहळू व्हायचं ते तिशीत एका झटक्यात होतं आणि पुढची काही वर्षं हाड भराभर झिजतं. कार्ड नसेल तर सोनोग्राफी आणि एफएसएचची (बीजांडकोश काम करतात का ते सांगणारी) रक्ततपासणी करा. बीजांडकोश राखले असले तरी अशा शस्त्रक्रियेनंतर ते लवकर थकू शकतात, म्हणून वाफा येत असतील तर तपासणी हवीच.

कॅन्सरच्या भीतीचा उगम बघू. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग २००२ मध्ये मध्येच थांबवला. दरवर्षी दहा हजार बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ८ आणि पक्षाघाताच्या ८ केसेस जास्त आढळल्या. खुब्याची ५ फ्रॅक्चर कमी झाली. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या दोन हार्मोन एकत्र घेत होत्या. वहिनी ३६ची आहे. तिला बाहेरून जास्तीचं काही द्यायचं नाही, या वयात असायला हवं होतं ते परत द्यायचं आहे. शिवाय गर्भपिशवी नसल्याने तिला एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्याच अभ्यासात एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पक्षाघात मात्र वाढला; पण त्याही साठीच्या बायका होत्या.

म्हणून तिने गोळी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे, पुढची कारणं नसतील तर: स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, लिव्हरचा चालू आजार. पाळी एरवी गेली असती त्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत ती घ्यायची आणि पुढे काय ते तेव्हा ठरवायचं. वजन जास्त असेल किंवा बीपी असेल तर गोळीऐवजी त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी विचारा. त्यात रक्ताच्या गाठीचा धोका कमी. जेल लावल्यावर हात धुवा, वाळेपर्यंत लहान मुलांना अंगाला लागू देऊ नका.

ज्यांची गर्भपिशवी आहे त्यांनी मात्र एकटं इस्ट्रोजेन कधीही घेऊ नये. अस्तर जाड होऊन गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो. त्यांना प्रोजेस्टेरॉन जोडीला लागतं. आणि योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने कोरडेपणा जातो, हाडाला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : वय ५८, मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६, खुब्याचा ठीक. बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. रॅलॉक्सिफीन ६० मिलिग्रॅम सुरू आहे. पुढच्या महिन्यात मुलाकडे अमेरिकेला जायचंय. (पुणे)

तुमच्यासाठी निवड चांगली आहे. रॅलॉक्सिफीन हाडावर इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि स्तनावर त्याच्या उलट. कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. मणक्याचं फ्रॅक्चर ते टाळतं, खुब्याचं टाळतं असं दिसलेलं नाही. खुबा घसरू लागला तर औषध बदलावं लागेल.

तुमच्या प्रवासात काळजी आहे ती पायातल्या रक्ताच्या गाठीची. बराच काळ हालचाल थांबणार असेल, उदाहरणार्थ ऑपरेशन, तर गोळी किमान तीन दिवस आधी बंद करतात. इतक्या लांबच्या विमानप्रवासासाठी हेच करायचं का, ते डॉक्टरांशी ठरवून घ्या. गल्लीकडची सीट घ्या, तासाला एकदा उठा, पाणी प्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा. याआधी कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : सासूबाईंना सहा महिन्यांचं ‘हार्मोनचं’ इंजेक्शन तीन वर्षं देत होतो. या वेळी लग्नघाईत राहून गेलं, नऊ महिने झाले. (नागपूर)

ते डेनोसुमॅब असावं. ते हार्मोन नाही, पण त्याचा उल्लेख करावाच लागेल, कारण उशीर सर्वांत महागात पडतो तो याच औषधात. ६० मिलिग्रॅमचा परिणाम सहा महिन्यांनी संपतो आणि दाबून ठेवलेल्या हाड खोदणाऱ्या पेशी एकदम उसळतात. सात महिन्यांच्या पुढे मणके दबण्याचा धोका सुरू होतो, आणि दबतात तेव्हा बरेचदा एकाहून जास्त. आजच डॉक्टरांना फोन करा. पाठीत नवी कळ असेल तर आधी एक्स-रे. पुढचं इंजेक्शन कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघून लवकरात लवकर घ्या. बंद करायचंच असेल तर जागी झोलेड्रोनिक ॲसिड घेऊनच. यावरून थेट टेरिपॅराटाइडवर जाणं टाळतात, कारण तशा बदलात खुब्याचं हाड काही काळ घटतं.

प्रश्न : नाकातला कॅल्सिटोनिनचा फवारा चालू ठेवू का? (अकोला)

दीर्घकाळ नको. फ्रॅक्चर रोखण्यात तो कमजोर आहे, आणि लांब वापरात कॅन्सरचं प्रमाण किंचित जास्त दिसल्याने युरोपात २०१२ मध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी त्याचा वापर थांबवला. मणका नुकताच दबला असताना दुखणं कमी करायला दोन-चार आठवडे देतात, तेवढाच त्याचा उपयोग राहिला आहे.

प्रश्न : वय ६६, हाडं ठिसूळ निघाली. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं तर हाडं आणि ताकद दोन्ही येतील ना? (रत्नागिरी)

हाडांसाठी म्हणून घेऊ नका. टेस्टोस्टेरॉनने डेक्साचा आकडा सुधारतो, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या पुरुषांमध्येच, ते घेणाऱ्यांची फ्रॅक्चर न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाली. सकाळच्या दोन वेगळ्या दिवशीच्या तपासण्यांत ते खरोखर कमी आलं आणि त्रासही असेल, तर त्यासाठी ते घ्यावं. हाडांचं औषध वेगळं चालू ठेवून.

पुरुषांत कारण शोधणं जास्त महत्त्वाचं. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोनच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्यात का? सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होतेय का? टीएसएच खूप खाली असेल तर तीही हाड झिजवते. दारू किती? प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू आहेत का? असतील तर टेस्टोस्टेरॉनचा विचारही नको, आणि त्या भागावर रेडिएशन झालं असेल तर टेरिपॅराटाइडही नाही; तुमच्यासाठी मग झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब, आणि डेनोसुमॅब निवडलंत तर पुढच्या डोसची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये.